चुंबळ

१

सकाळचा चहा झाला की मी शिवेवर जायचो. पायांत कॅनव्हासचे बूट, खांद्याला शबनम, शबनममध्ये चुन्याचा डबा आणि काथ्याचा कुंचला. वाडीमागची चढण संपली की डोंगराची सोंड लागते. सोंडेच्या अलीकडे आमचं कातळकोंड, पलीकडे उंबरमाची. आम्ही रायगड जिल्ह्यात, ते साताऱ्यात. मधलं रान कुणाचं हे दोन्ही गावांना पक्कं ठाऊक आहे, आणि दोघांचं वेगवेगळं आहे.

आमच्या बाजूच्या ऐन-किंजळांना मी चुन्याचे पट्टे मारायचो. आई म्हणायची, "रानाला सफेदी करतोस काय रे? लगीन निघालंय काय कुणाचं?"

नागपुरात कायदा शिकून मी त्या साली घरी आलो होतो. बरोबरीची मुलं मुंबईला चिकटली. मला वाटत होतं, वाडीतून नोकरीला जाणारे पुष्कळ झाले, आता कायदा जाणणारा एक तरी माणूस इथे हवा. हे मी एस.टी.तून उतरल्या उतरल्या सगळ्यांना सांगितलं. ऐकून घेतलं सगळ्यांनी. भिकाजीकाका, म्हणजे माझा चुलता, त्या दिवसापासून मला वकील म्हणू लागला. "काय वकील, आज झाडांची बाजू मांडणार काय?"

पण प्रश्न झाडांचा नव्हताच, आमचा होता. भाताच्या राबाला ऐनाचा टहाळ लागतो. तो जाळल्याशिवाय आमच्या खडकाळ तुकड्यांत रोप धरत नाही. बाया हिरडा वेचून विकतात तोही तिथलाच. ते रान गेलं असतं तर वाडीतली निम्मी घरं बिरवाडीला भाड्याच्या खोल्यांत गेली असती.

उंबरमाचीवाल्यांनी त्यांच्या मालकीची झाडं एका ठेकेदाराला विकली होती. मालकी कुठे संपते हे ठरलेलं नव्हतं, त्यामुळे ठेकेदाराची टोळी रोज थोडी पुढे सरकायची. न्याहारीच्या वेळेला कुऱ्हाडी सुरू व्हायच्या. मी मारलेल्या पट्ट्याच्या बरोबर खाली घाव घालायचे, आणि माझे पट्टे लॉरीत बसून घाट उतरायचे.

मी अर्ज करत होतो. खालच्या कचेरीने सांगितलं, सोंड घाटावरच्यांच्या नकाशात आहे. घाटावरचे म्हणाले, खाली विचारा. जिल्ह्याच्या ठिकाणी गेलो तर तिथल्या कारकुनाने अर्ज न वाचता परत दिला. "यावर कुलाबा लिहिलंय. जिल्ह्याचं नाव बदललं ना आता? रायगड लिहून आणा."

मी फार काही मागत नव्हतो. मोजणी करा, आणि मोजणी होईपर्यंत परिस्थिती जैसे थे ठेवण्याचा हुकूम द्या. प्रत्येक अर्जाच्या शेवटी हेच वाक्य.

पुढचं थोडक्यात लिहितो. उभ्याने फार वेळ लिहिता येत नाही.

२

श्रीपतराव पडवीत आले तेव्हा मी नव्या नावाने अर्ज उतरवत होतो. ते गावचे जुने पोलीस पाटील. आमच्याकडचा चहा घेतात, आणि घेतो हे चारचौघांत सांगतात.

"कमलाकर, तुझ्या अर्जांनी कुऱ्हाड थांबत नाय रे."

"मग काय करू म्हणता?"

"उंबरमाचीचे पाटील तयार हायेत. शीव चालून घेऊ. जुन्या रीतीनं."

जुनी रीत म्हणजे काय ते मला ठाऊक होतं. दोन गावांत हद्दीचं भांडण लागलं की आमच्या समाजातल्या माणसाच्या डोक्यावर शिवेची माती द्यायची आणि त्याने चालायचं. तो जिथून जाईल ती हद्द. माती जिथे उतरवली तिथे हद्द संपली. शीव राखायचं काम पिढ्यानपिढ्या आमच्या माथी होतं म्हणून चालायचं कामही आमचंच. चांगली जमीन मात्र आमच्या वाट्याला शिवेच्या अलीकडची नाही की पलीकडची नाही. माझा आजा चांगू हा शेवटचा चालणारा. छपन्न साली वाडीने धर्म बदलला आणि गावकीची असली सगळी कामं टाकली.

"ते आम्ही सोडलंय," मी म्हणालो.

"सोडलंत, बरं केलंत. पण उंबरमाची दुसऱ्या कुणाचं चालणं मानीत नाय, त्याला मी काय करू?"

पायरीवर बसलेला भिकाजीकाका विडी झटकत म्हणाला, "वकिलाला चालवा की. पण तो फी घेईल हां."

मी चिडलो होतो, आणि चिडलेल्या माणसाला वाटते तशी मला ती कल्पना हळूहळू हुशारीची वाटू लागली. दोन्ही गावांनी एक रेघ मान्य केली आणि खाली सह्या-अंगठे केले, तर तो पंचनामा होतो. पंचनामा कुठल्याही कचेरीला नाकारता येत नाही. मी अटी घातल्या. नारळ नाही, गुलाल नाही, बकरं नाही. मी बूट घालून चालेन. आणि याला रीत म्हणायचं नाही, संयुक्त पाहणी म्हणायचं.

"बारसं तुझ्या मनानं कर," श्रीपतराव म्हणाले. "चाललास म्हंजे झालं."

ते गेल्यावर आई चुलीपासून उठून आली. माझी आई, सोनाबाई, सहसा ओरडत नाही. त्या दिवशीही ओरडली नाही.

"ते डोक्यावरनं उतरवलंय आम्ही. तू परत चढवू नको."

"आई, माती म्हणून नाही घेत मी. पुरावा म्हणून घेतोय."

"वजन तेवढंच भरंल ना?"

३

वैशाखातली सकाळ होती. सोंडेवर दोन्ही गावचे पुरुष जमले. पहिल्या बुरजापाशी, म्हणजे हद्दीवर रचलेल्या दगडांच्या ढिगापाशी, शेणाने सारवलेली टोपली मातीने भरली. डोक्याला चुंबळ हवी. आईने वळून दिली नव्हती. भिकाजीकाकाने जुन्या धोतराच्या फडक्याची वळली आणि माझ्या डोक्यावर दाबून बसवली.

एका बाजूने श्रीपतरावांनी, दुसऱ्या बाजूने उंबरमाचीच्या पाटलांनी हात घातला आणि टोपली चढवली.

"चढवायला दोन गावचे हात, उतरवायला पण दोन गावचे," काका म्हणाला. "आपली आपण उतरवायची नाय."

"आणि मागे वळून बघायचं नाही, असंही असेल काहीतरी."

"बघ की. मान वळली तर बघ."

लोक हसले. मीही हसलो, पण टोपली हलली म्हणून लगेच थांबलो.

मी चालू लागलो. डाव्या हाताला उंबरमाची, उजव्या हाताला कातळकोंड. माणसं मागून येत होती. मला वाटलं होतं त्यापेक्षा माती जड होती. उजव्या बुटाची नाडी सुटली. वाकता येईना, तसाच चाललो. बुरूज होते तोवर बुरजांवरून गेलो. पुढे बुरूज नव्हते. दगड कुणी काढले की कधी रचलेच नव्हते, यावरच तर भांडण. तरी माझे पाय थांबले नाहीत. मी विचार करून वळत होतो असं मला आजही वाटतं.

जांभळीच्या झुडपापाशी उंबरमाचीवाल्यांच्या लक्षात आलं की मोठे ऐन माझ्या उजव्या हाताला राहताहेत. कुणीतरी ओरडलं, "ह्याला पढवून आणलाय!" आमच्यातला एक जण त्याच्या अंगावर गेला. तेवढ्यात झाडीतून वनखात्याचा गार्ड शिट्टी फुंकत आला. सरकारी रानात जमाव केलात, एकेकावर केस करतो, कोयते खाली टाका. क्षणात सगळे पांगले. अर्धे तिकडे उतरले, अर्धे इकडे. श्रीपतरावांचं पांढरं धोतर उतारावरून जाताना मला दिसलं. गार्ड त्यांच्या मागे धावला.

मी एकटाच राहिलो, डोक्यावर माती.

तिथेच उतरवली असती तर हद्द तिथेच संपली, असं उंबरमाचीने म्हटलं असतं. पुढचं सगळं रान त्यांचं. एवढा कायदा मला कळत होता. मी उतरवली नाही. रागाने तसाच वाडीकडे उतरलो. काकाच्या घराच्या कडेने मागच्या परसात आलो, मागच्या दाराने आत शिरलो, चुलीपासून माजघरात, माजघरातून पडवीत. हात लावायला कुणी नव्हतं. भिंतीला पाठ घासत खाली बसलो आणि टोपली स्वतःच कोपऱ्यात सरकवली. चुंबळ वरच्या खुंटीला अडकवली. आणि मग नाडी बांधली.

पुरावा जपून ठेवायचा असतो.

४

त्यानंतरच्या दिवसांत दुपारी मी पडवीत लवंडायचो. आमची पडवी अंधारी आहे. कौलात एकच काच आहे, तिच्यातून पडलेला उजेडाचा तुकडा दुपारभर जमिनीवरून सरकत खुंटीच्या भिंतीवर चढतो. एकदा तो चुंबळीवर आला आणि मला ती काळी दिसली. हात लावला. ओली होती.

कौल गळत नव्हतं, पाऊस महिनाभर लांब होता. मला वाटलं, आईने धुतली असेल.

"मी कशाला हात लावू त्याला?" आई म्हणाली.

मी वास घेतला. घामाचा होता. ताज्या, उन्हातून आलेल्या माणसाच्या घामाचा. मधोमध डोक्याच्या आकाराची खोलगट जागा होती आणि ती कोमट होती.

मी चुंबळ उन्हात टाकली. तासाभरात कडकडीत झाली. पुन्हा खुंटीला लावली. दुसऱ्या दिवशी दुपारी उजेड तिच्यावर चढला तेव्हा ती पुन्हा काळी होती.

धोतराचं फडकं जुनं, घामाचं मीठ मुरलेलं. मीठ हवेतलं पाणी ओढतं. हे मी आईला समजावून सांगितलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "मग मिठाची बरणी का कोरडी हाय?"

५

त्याच आठवड्यात सोंडेखालची झाडं पडायला लागली.

जांभळीच्या झुडपापासून वाडीकडे, मी ज्या वाटेने उतरलो होतो त्या वाटेच्या कडेने, एका ओळीत बुंधेच बुंधे. सगळे वाटेच्या डाव्या हाताचे. उजव्या हाताच्या एकाही झाडाला ओरखडा नव्हता.

मी टोळीच्या मुकादमाला गाठलं. सोमा त्याचं नाव. दगडांच्या चुलीवर त्याचा चहा उकळत होता. त्याने मलाही कप पुढे केला. मी घेतला नाही.

"सोंडेखाली तोड कुणाच्या परवानगीने केलीत?"

"सोंडेखाली?" तो म्हणाला. "आम्ही खाली आलोच नाय अजून साहेब."

"डाव्या हाताची सगळी झाडं पाडलीत. मी चाललो त्या वाटेवरची."

"उंबरमाचीचे पाटील बोललेत तसं. माणूस चालला तिथवर तोडा म्हणून. पण माझी माणसं त्या वाटेला जात नायत."

"का?"

त्याने कप तोंडाला लावला. "वर्दळ हाय म्हणतात तिथं."

खोटारडा, मी मनात म्हणालो. मी परत जाऊन बुंधे नीट पाहिले. आदल्या दिवशी उभं असलेलं, मीच पट्टा मारलेलं किंजळाचं झाड आडवं होतं. पण बुंध्यावरचा घाव ताजा नव्हता. लाकूड करडं पडलं होतं, भेगांत वाळवीने घर केलं होतं. आणि ढलपी कुठेच नव्हती. घाव घातला की ढलपी उडते, बुंध्याभोवती पसरते. इथे नुसती माती पडली होती. वाटेवर थोड्या थोड्या अंतरावर, चालताना टोपलीतून सांडावी तशी.

चार दिवसांनी टोळी दुसऱ्या कामावर गेली. लॉरी गेली, सोमाची चूल विझली. आता निदान आवाज तरी थांबतील म्हणून मी शिवेवर जाऊन बसलो. ऊन डोक्यावर आलं. रान गप्प होतं.

मग खालून, वाडीच्या बाजूने, ऐकू आलं. ठक.

६

मी अर्जात हे कसं लिहिणार होतो? 'वाळवी लागलेल्या बुंध्यांची ताजी तोड' असं लिहून कचेरीत गेलो असतो तर माझ्या पदवीकडे पाहून हसले असते. तरी गेलो. झाडं मोजा, निदान पाहून जा, एवढंच म्हणालो. साहेब मोजणीला महाडला गेले होते. महाडला गेलो, तर साहेब जेवायला गेले होते. चार वाजेपर्यंत बाकावर बसलो. माझ्या शेजारी बसलेल्या म्हाताऱ्याला कशासाठी आलात म्हणून विचारलं, तर म्हणाला, "आता नाय आठवत."

एस.टी.तून उतरून वाडीत शिरलो तेव्हा उन्हं कलली होती. भिकाजीकाका त्याच्या अंगणात दोरी वळत बसला होता. वाटेच्या डाव्या हाताला त्याचं घर. बरेच दिवस तो आमच्याकडे फिरकला नव्हता. मला वाटलं, भांडणात पळून गेला म्हणून लाजला असेल.

"काय काका, वकिलाला विसरलास काय?"

त्याने मान वर केली. हसला, पण वाटसराला हसतात तसं.

"कुठल्या गावचे पाव्हनं?"

"पुरे झाली थट्टा."

"पानी हवंय काय? बसा की. कातळकोंडला जायचं तर ही वाट वलांडून पलीकडं." त्याने हात केला. आमच्याच घराकडे. "तिथं आमचा पुतण्या हाय, वकील. पण तो शिवेवर गेलाय."

त्याच्या डोळ्यांत थट्टा नव्हती. मी खूप शोधली. काकाच्या डाव्या भुवईत व्रण आहे, लहानपणी माझ्याच हातून लागलेल्या विटीचा. मी त्या व्रणाकडे बघत राहिलो आणि तो अवघडून दोरीकडे बघू लागला, अनोळखी माणूस टक लावून पाहतो तेव्हा बघतात तसा.

त्याच्या परसातला फणस कापलेला होता. बुंधा करडा, जुना. तो फणस सकाळी मी उभा पाहिला होता.

वय झालंय, उन्हाचा तडाखा असेल, मी स्वतःला सांगितलं. आईला काही बोललो नाही. रात्री जेवताना तीच म्हणाली, "भिकाजीभावजी आज मला वैनी बोलले नायत. बाई बोलले."

७

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पडवीत होतो. आई चुलीपाशी तांदूळ निवडत होती; सुपाचा आवाज येत होता. उजेडाचा तुकडा चुंबळीवर चढला. आज ती नुसती ओली नव्हती. तिच्यातून पाणी गळत होतं. भिंतीवरून एक ओघळ सावकाश टोपलीत उतरत होता.

ठक.

आवाज बाहेरून आला नाही. माजघराचा खांब ऐनाचा आहे, आज्याने घातलेला. मी त्याच्यावर तळहात ठेवला. घाव लाकडातून माझ्या कोपरापर्यंत आला. पुन्हा ठक. आढ्यावरची धूळ खाली आली. खांब शाबूत होता, त्याच्यावर ओरखडाही नव्हता. फक्त त्याच्या डाव्या अंगाचं लाकूड, चुलीकडच्या अंगाचं, करडं पडत चाललं होतं.

माती घेऊन मी त्या दिवशी जिथून चाललो होतो ते मनात पुन्हा चाललो. मागचं दार. चूल डाव्या हाताला, उंबरमाचीच्या बाजूला. माजघर. पडवी.

"आई."

सूप थांबलं.

"कोण हाय?"

"मी आहे."

ती उठून चुलीच्या खोलीच्या दारात आली. उंबऱ्यापलीकडे उभी राहिली. माझ्याकडे पाहिलं आणि डोक्यावरचा पदर पुढे ओढला. माझ्या आईने माझ्यासमोर पदर ओढला.

"घरात बाप्या माणूस नाय," ती म्हणाली. "पोरगा शिवेवर गेलाय, माती घेऊन. अजून आला नाय." आणि मग, तोच उंबरा धरून, ज्याला सांगू नये त्यालाच सांगावं तशी हळूच म्हणाली, "लई दिवस झाले. तुम्हाला वाटंत दिसला काय?"

कायदा शिकलेल्या माणसाने अशा वेळी काय करायचं, हे मला कुणी शिकवलेलं नाही.

मी खुंटीवरची चुंबळ ओढली. डोक्याला लावली. कोमट पाणी कानामागून मानेवर उतरलं. टोपली गुडघ्यावर घेतली, गुडघ्यावरून छातीवर, आणि भिंतीच्या आधाराने वर. मान आत बसल्यासारखी झाली. खांबातला आवाज बंद झाला.

आईने पदर मागे सारला.

"कमल्या? अरे, कधी आलास? आणि हे काय घेऊन उभा हायस?"

८

मला वाटलं, अर्धं राहिलेलं पुरं केलं की झालं. मागच्या दाराने निघालो. आई परसापर्यंत धावत आली. काकाच्या अंगणावरून गेलो तेव्हा काका ओरडला, "ए वकील, आता परत कुठं?" त्याची हाक ऐकून मला रडू आलं, पण पुसायला हात मोकळे नव्हते.

चढ चढलो. दोन्ही बाजूंना रान होतं, एकाही कुऱ्हाडीचा आवाज नव्हता. जांभळीच्या झुडपापाशी पोचलो. इथून पुढे चालायचं होतं, शेवटच्या बुरजापर्यंत. तिथे माती उतरवायची.

शेवटचा बुरूज कुठे आहे?

हेच तर मी विचारत होतो. खाली, वर, जिल्ह्याला. सगळ्या कचेऱ्यांना विचारत होतो. हे कुणी ठरवलेलंच नव्हतं.

तेव्हा मला दिसलं की झुडपापलीकडे कुणीतरी उभं आहे. पाठमोरं. डोक्यावर टोपली, दोन्ही हात वर, मान खांद्यांत गेलेली. अंग मातीने इतकं भरलेलं की कपडे कुठले ते कळत नव्हतं. फार दिवस एकाच जागी उभ्या असलेल्या माणसासारखा तो थोडा झुलत होता. मान खाली घालता येत नव्हती, नुसते डोळे खाली वळवले. त्याच्या पायांत बूट होते. उजव्या बुटाची नाडी सुटलेली होती.

"हात लाव रे," तो म्हणाला. वळला नाही. "मान गेली."

तो आवाज मी ओळखतो.

मी हात लावला नाही. माझे दोन्ही हात माझ्या टोपलीला होते. एक काढला असता तरी दुसऱ्या गावचा हात कुठून आणला असता? मी मागे मागे सरत खाली उतरलो. तो हाक मारत राहिला. चिडून नव्हे, दमून.

परसात आई वाट बघत होती. डोक्यावर ओझं घेऊन माणूस दारात आला की बाईचे हात आपोआप वर जातात. तिचेही गेले. टोपलीच्या काठाला तिची बोटं लागणार तेवढ्यात मी ओरडलो.

"हात लावू नकोस!"

ती तशीच राहिली, हात वर करून. मग डोंगराकडे बघून म्हणाली, "वर कोण हाकारतंय रे? तुझ्यावानी आवाज हाय."

टोपली उतरवायला एक माणूस मागायला श्रीपतराव उंबरमाचीकडे दोनदा जाऊन आले. वनखात्याची केस लागली आहे, आता आमचा माणूस शिवेवर पाय ठेवणार नाही, असं तिकडच्यांनी सांगितलं. मोजणी झाल्यावर बघू म्हणाले.

तेव्हापासून आई दर दोन दिवसांनी नवी चुंबळ वळते. जुन्या लुगड्याची, मऊ. मी टोपली दोन्ही हातांनी जराशी वर धरतो, ती खालची काढून कोरडी सरकवते. काका रोज येतो, विडी ओढतो, वकील म्हणतो. माजघराचा खांब शांत आहे. हे मी कवाडाला कागद टेकवून, एका हाताने लिहितो आहे. आभाळ भरून आलं आहे, आणि ओली माती जड होते.

काल कचेरीचं उत्तर आलं. आईने पाकीट फोडून कागद माझ्या डोळ्यांसमोर उंच धरला, कारण मला मान खाली घालता येत नाही.

"काय लिवलंय?" तिने विचारलं.

"आपलं म्हणणं मान्य केलं," मी म्हणालो.

खरंच केलं होतं. दोन्ही जिल्ह्यांचे अधिकारी उपलब्ध होतील त्या दिवशी मोजणी होईल. तारीख नंतर कळवण्यात येईल. तोपर्यंत परिस्थिती जैसे थे ठेवावी.